पोलीस लिलावातली मोटारसायकल: आधी कागद, मग गाडी, शेवटी बोली

पुण्यातल्या जवळपास प्रत्येक पोलीस ठाण्याच्या आवारात, भिंतीच्या कडेला, दुचाकी एकमेकींवर रेलून उभ्या असतात. काही चोरीत सापडलेल्या, काही अपघातातल्या, तर काही कोणीतरी रस्त्यावर सोडून दिलेल्या आणि मालकाचा पत्ताच न लागलेल्या. ज्या गाड्यांवर कोणाचा दावा उरत नाही त्यांचा यथावकाश लिलाव होतो आणि ‘दहा हजारांत पल्सर मिळते म्हणे’ अशी कुणकुण गल्लीत पसरते. मिळते हे खरे आहे. मात्र ती रस्त्यावर चालवता येईल की नाही, हे गाडीच्या अवस्थेपेक्षा तिच्यासोबत हाती पडणाऱ्या कागदावर ठरते. म्हणून येथे आधी कागद, मग गाडी आणि शेवटी बोली असा क्रम ठेवला आहे. बहुतेक लोक नेमके उलट करतात. एकदा मीही केले होते.

गाडी लिलावापर्यंत कशी पोहोचते, हे थोडक्यात समजून घेतलेले बरे. पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या वस्तूचा मालक सापडत नसेल, तर न्यायदंडाधिकारी जाहीर उद्घोषणा काढून दावेदारास सहा महिन्यांच्या आत पुढे येण्यास सांगू शकतात. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४५७ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ मध्ये आहे. मुदतीत कोणी हक्क शाबीत केला नाही, तर ती वस्तू शासनाच्या स्वाधीन होते आणि तिची विक्री करता येते. बेवारस मालमत्तेसाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियमातही स्वतंत्र तरतूद आहे. शिवाय सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट सांगितले की, जप्त वाहने ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षे कुजत ठेवण्यात कोणाचाच लाभ नाही आणि मालक, विमा कंपनी किंवा अन्य कोणी गाडी नेत नसेल तर तिचा लिलाव करावा. ग्राहकाच्या दृष्टीने या साऱ्यातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची: लिलाव कोणत्या आदेशाने होतो आहे, तो आदेश क्रमांकासह अस्तित्वात असतो आणि पुढे आरटीओत त्याची प्रत लागते.

पोलीस खात्याने स्वतः वापरलेली बुलेट किंवा तत्सम गाडी मिळेल, या आशेने काही जण येतात. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी नूतनीकृत होत नाही, त्या गाड्या मोडीतच काढायच्या असतात. त्यामुळे ती आशा सोडलेली बरी.

जाहीरनामा कसा वाचावा

लिलावाचा जाहीरनामा वर्तमानपत्रात येतो, ठाण्याच्या फलकावर लागतो आणि पोलिसांच्या संकेतस्थळावरही पाहायला मिळतो. पुण्यात राहणाऱ्याने तीन कार्यालयांकडे लक्ष ठेवावे: पुणे शहर पोलीस आयुक्तालय, २०१८ साली वेगळे झालेले पिंपरी-चिंचवड आयुक्तालय आणि पुणे ग्रामीण पोलीस. बऱ्याचदा लिलावापूर्वी गाड्यांची यादी इंजिन व चेसिस क्रमांकांसह प्रसिद्ध करून मूळ मालकांना आवाहन केले जाते. ही यादी हाती लागली की जपून ठेवावी, कारण लिलावाच्या तारखेची वाट न पाहता घरबसल्या निम्मी छाननी तिच्यावरून होते.

जाहीरनाम्यात पहिल्यांदा शोधायची ओळ किमतीची नाही. गाडी ‘पुनर्वापरासाठी’ विकली जात आहे की ‘भंगार म्हणून’, हे पाहायचे. बरेच लिलाव सुट्या गाड्यांचे नसतातच. शंभर-दोनशे दुचाकींचा एकच लॉट करून तो भंगाराचा परवाना आणि जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यालाच दिला जातो. अशा लिलावात तुम्हाआम्हाला बोली लावता येत नाही आणि त्या व्यापाऱ्याकडून नंतर स्वस्तात अख्खी गाडी घेतली तरी ती आपल्या नावावर होत नाही.

माझी चूक याच ओळीवर झाली. लिलाव सुट्या गाड्यांचा होता, त्यामुळे मी निर्धास्त होतो. दीडशे सीसीची एक काळी गाडी, टाकीवर धूळ पण ओरखडा नाही, अलॉय चाके शाबूत. अकरा हजार दोनशेला मला सुटली. सोबतच्या हवालदारांनी अभिनंदनही केले. पुढे विक्रीपत्र हातात पडले तेव्हा त्यात ‘निकामी वाहन, सुट्या भागांकरिता’ असे शब्द होते, आणि जाहीरनाम्याच्या नवव्या शर्तीत तेच आधीपासून छापलेले होते. मी पहिल्या चार शर्ती वाचून अनामत रक्कम भरली होती. आरटीओच्या खिडकीवरील लिपिकाने त्या शब्दांवर पेन्सिलीने एक गोल काढला आणि काही न बोलता कागद परत सरकवला. ती गाडी अखेर नाना पेठेत सुट्या भागांच्या भावाने गेली. तेव्हापासून मी जाहीरनामा शेवटच्या शर्तीपासून वर वाचतो.

बाकीच्या शर्ती साधारण ठरलेल्या असतात. गाडी ‘जशी आहे तशी, जेथे आहे तेथे’ विकली जाईल, लिलाव रद्द करण्याचा अधिकार राखून ठेवला आहे, उर्वरित रक्कम अमुक दिवसांत न भरल्यास अनामत जप्त होईल, कर वेगळा. यांपैकी ‘जशी आहे तशी’ या शब्दांचा अर्थ कठोरपणे घ्यावा: पाहणीच्या दिवशी दिसलेली बॅटरी ताबा घेताना जागेवर नसली, तरी तक्रारीला फारसा वाव राहत नाही. पाहणी करताना गाडीचे चारही बाजूंनी छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे निदान शब्दाला आधार राहतो.

अनामत रक्कम डिमांड ड्राफ्टने, चलनाने किंवा ई-लिलावाच्या अधिकृत पोर्टलवरूनच भरायची असते. ‘पोलीस लिलावातील बुलेट, फक्त टोकन पाठवा’ असे सांगणारे जे संदेश समाजमाध्यमांवर फिरतात, त्यांत कोणाचा तरी खासगी मोबाईल क्रमांक आणि क्यूआर कोड असतो. तिथे पैसे पाठवणे म्हणजे ते गेलेच असे समजावे.

घरबसल्या होणारी छाननी

यादीतला नोंदणी क्रमांक परिवहन विभागाच्या ॲपमध्ये टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची व पीयूसीची मुदत, कर्जाचा बोजा आणि गाडी काळ्या यादीत आहे का, हे कळते. येथे चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, वय. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपलेली असेल तर वीस वर्षांपर्यंतच्या गाडीला नूतनीकरणाचे शुल्क १,००० रुपये आहे, त्यावर पर्यावरण कर येतो, आणि खरी मेख विलंब शुल्कात आहे: एप्रिल २०२२ पासून मोटारसायकलसाठी ते दरमहा ३०० रुपये आहे. मुदत संपून चार वर्षे आवारात पडलेल्या गाडीवर हा आकडा १४,४०० रुपये होतो, म्हणजे गाडीच्या बोलीपेक्षाही जास्त. ही रक्कम कोणाकडून आणि कशी आकारली जाईल, हे बोलीपूर्वी आरटीओत विचारून घ्यावे. अथवा सरळ अशी गाडी घ्यावी जिची मुदत अजून चार-पाच वर्षे शिल्लक आहे. मी दुसरा मार्ग सुचवतो.

दुसरी, बोजा. आरसीवर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव असेल, तर ते उतरवल्याशिवाय हस्तांतर अडते आणि जुन्या कर्जदाराच्या कंपनीकडून ना हरकत पत्र मिळवणे हे सामान्य ग्राहकाचे काम नाही. तिसरी, थकीत ई-चलने. ती कोण भरणार हे लेखी विचारावे. चौथी, परराज्यातला क्रमांक. एमएच १२ किंवा एमएच १४ ऐवजी कर्नाटकची वा गुजरातची गाडी असेल, तर तिकडचे ना हरकत प्रमाणपत्र आणि इकडचा रस्ता कर, अशी दुहेरी पायपीट होते. पहिल्यांदाच लिलावात उतरणाऱ्याने ती गाडी सोडून द्यावी.

आवारात, मेकॅनिकला सोबत घेऊन

पाहणीचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी मुद्देमाल कारकुनाला, म्हणजे जप्त वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या पोलीस कर्मचाऱ्याला, भेटून यादीतील अनुक्रमांक सांगावा लागतो. गाडीवर तोच क्रमांक खडूने किंवा ऑइलपेंटने टाकलेला असतो. सोबत ओळखीचा मेकॅनिक, विजेरी, जुने फडके, रॉकेलची छोटी बाटली, कागद आणि मऊ शिशाची पेन्सिल इतके साहित्य न्यावे. इंजिन चालू करून पाहण्याची मुभा बहुधा नसते आणि असली तरी उपयोग नसतो, कारण बॅटरी मेलेली आणि पेट्रोल केव्हाच चिकट झालेले असते.

सुरुवात चेसिस क्रमांकापासून करावी. बहुतेक मोटारसायकलींवर तो हँडलच्या दांड्याखाली, चौकटीच्या मानेवर उजव्या बाजूला ठोकलेला असतो. फडक्याला रॉकेल लावून तिथला चिखल पुसावा, कागद दाबून धरावा आणि पेन्सिल आडवी फिरवावी. अक्षरे कागदावर उमटतात. आरटीओतही तपासणीच्या वेळी अशीच चेसिस प्रिंट काढतात. खऱ्या क्रमांकाची अक्षरे एका ओळीत, एका खोलीची आणि समान अंतरावर येतात. एखादा आकडा तिरका असेल, आजूबाजूचा पत्रा कानशीने घासल्यासारखा गुळगुळीत असेल किंवा तेवढ्याच जागी वेगळा रंग असेल, तर गाडी कितीही देखणी असली तरी तिथून उठावे. हा क्रमांक सतरा अक्षरांचा असतो आणि पहिली तीन अक्षरे उत्पादकाची असतात: बजाजची एमडी२, हिरोची एमबीएल, होंडाची एमई४, टीव्हीएसची एमडी६. टाकीवर एका कंपनीचे नाव आणि चौकटीवर दुसरीची अक्षरे असा प्रकार चोरीच्या गाड्यांत अगदीच अशक्य नाही. इंजिनाचा क्रमांक क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावर असतो. तोही यादीशी आणि ॲपमधल्या नोंदीशी ताडून पाहावा. तिन्ही ठिकाणी एकच क्रमांक नसेल, तर पुढची तपासणी करण्यात अर्थ नाही.

मग इंजिन. किक असेल तर ती पायाने न मारता हाताने हळूहळू दाबावी. हाताला रेटा जाणवून ती सुटली, तर पिस्टन मोकळा आहे आणि कॉम्प्रेशनही काही प्रमाणात शिल्लक आहे. किक दगडासारखी अडली तर इंजिन जाम आहे. ती अलगद खाली गेली आणि काहीच विरोध झाला नाही, तर व्हॉल्व्ह किंवा रिंगा गेल्या असाव्यात. फक्त सेल्फ-स्टार्ट असलेल्या गाडीचे मागचे चाक वरच्या गिअरमध्ये टाकून हाताने फिरवावे. ऑइलची पट्टी काढून पाहावी: काळे ऑइल चालते, पण दुधाळ, चहासारखे ऑइल दिसले तर आत पाणी शिरले आहे. पुण्यात ही शंका अनाठायी नाही. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत मुठेचे पाणी शिरले तेव्हा दुचाकी सीटपर्यंत बुडाल्या होत्या. बुडालेली गाडी ओळखण्याची आणखी एक जागा म्हणजे हेडलाइटची काच आणि मीटरचे घर; तिथे आतल्या बाजूला गाळाची बारीक रेषा राहते आणि ती कोणी पुसत नाही.

टाकीचे झाकण किल्लीअभावी बहुधा उघडत नाही. उघडलेच तर विजेरी लावून गंज पाहावा. न उघडल्यास टाकी बदलावी लागणार असे गृहीत धरावे. गाडी चालू करण्याच्या कुलुपाखालच्या वायरी तोडून जोडलेल्या असतील तर ती चोरीची खूण आहे आणि वायरिंगचा खर्च वाढणार आहे. पुढच्या चाकाची दांडी सरळ आहे का, हे गाडीसमोर दहा पावलांवर बसून पाहिले की लगेच कळते. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते: ‘२३१७’ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी उन्हात इतकी वर्षे कडक झालेला टायर बदलावाच लागतो. कार्ब्युरेटर, सायलेन्सर, सीडीआय (ठिणगी पाडणारा विद्युत भाग), साइड पॅनेल हे सहज पळवले जाणारे भाग जागेवर आहेत का, हे मोजून घ्यावे.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (नव्या प्रदूषण मानकाच्या) गाड्यांबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. त्या दिसायला नव्या आणि मोहात पाडणाऱ्या असतात, पण त्यांतले इंधन इंजेक्शन, पंप आणि ईसीयू (इंजिनाचा छोटा संगणक) यांना पावसाचे पाणी सोसत नाही आणि हे भाग जुन्या बाजारात सहसा चांगल्या स्थितीत मिळत नाहीत. त्यापेक्षा कार्ब्युरेटरची शंभर-सव्वाशे सीसीची साधी गाडी घ्यावी, जिचा प्रत्येक भाग नाना पेठेत तीन दुकानांत विचारता येतो.

बोलीचा आकडा घरीच ठरवावा

आवारात भंगारवाले अनुभवी असतात. ते गाडीकडे पाहत नाहीत, चाके, इंजिन आणि पत्रा यांची बेरीज करतात. त्यामुळे त्यांची बोली कुठे थांबेल याचा अंदाज आपल्याला येत नाही. त्यांच्याशी ईर्षेला पेटण्यापेक्षा उलट दिशेने हिशेब करावा.

समजा, २०१४ सालची सव्वाशे सीसीची गाडी आहे आणि तशीच चालती गाडी बाजारात २८,००० रुपयांना मिळते. माझ्या हिशेबात टेम्पो व हमाली १,२००, बॅटरी १,३००, दोन टायर ३,६००, चेन-स्प्रॉकेट १,२००, कुलूप-किल्लीचा संच ९००, आणि टाकी, कार्ब्युरेटर, ऑइल, केबल, ब्रेक मिळून ३,५०० रुपये धरतो. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता २०२२ च्या दराने ७५ ते १५० सीसीसाठी ७१४ रुपये आणि कर मिळून सुमारे ८४३. उच्च सुरक्षा क्रमांकपाटी ४५० आणि कर मिळून ५३१. हस्तांतर शुल्क व कार्ड यांसाठी ५०० ठेवतो. एकूण १३,५७४ रुपये. २८,००० मधून ते वजा केले की १४,४२६ उरतात. इंजिन उघडावे लागले तर, म्हणून ३,००० बाजूला काढले की ११,४२६. बोलीवर जीएसटी १८ टक्के धरला, तर १.१८ ने भागून ९,६८३ येतात. माझी बोली साडेनऊ हजारांवर थांबते. हा आकडा कागदाच्या चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावा, कारण ‘सरकारी बोली, एक वार… दोन वार…’ अशी हाक कानावर पडली की माणसाचा हात आपोआप वर जातो.

प्रत्यक्ष लिलावाच्या दिवशी फारसे काही करायचे नसते. आधार, पॅन, अनामतीची पावती आणि छायाचित्रे घेऊन वेळेच्या अर्धा तास आधी जावे. दुपारनंतर, जेव्हा मोठे व्यापारी आपापला माल उचलून गेलेले असतात, तेव्हा उरलेल्या गाड्या कधी कधी कमी भावात सुटतात, म्हणून शेवटपर्यंत बसून राहावे. मागे हटण्यासाठी कोणी पैसे देऊ केले तर घेऊ नयेत. तो संगनमताचा प्रकार आहे आणि तोही पोलीस ठाण्याच्या आवारात.

ताबा आणि आरटीओ

रक्कम भरल्यावर विक्रीपत्र, ताबा पावती आणि लिलावास मंजुरी देणाऱ्या आदेशाची साक्षांकित प्रत, हे तीन कागद हातात आल्याशिवाय गाडी हलवू नये. विक्रीपत्रावरील इंजिन व चेसिस क्रमांक तिथेच, उभ्याउभ्या, आपल्या पेन्सिलीच्या ठशाशी ताडून पाहावेत. एक आकडा चुकला तर तो नंतर दुरुस्त करून घ्यायला आठवडे जातात. गाडी चालवत नेऊ नये. विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणणे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १४६ विरुद्ध आहे, आणि ठाण्याच्या फाटकातूनच दंड भरत बाहेर पडणे शोभत नाही. छोटा हत्ती करावा.

जाहीर लिलावातील गाडीच्या हस्तांतरासाठी नेहमीचे फॉर्म २९ आणि ३० नसतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५७ प्रमाणे, ताबा घेतल्यापासून तीस दिवसांच्या आत फॉर्म ३२ मध्ये अर्ज करायचा असतो. एजंटाकडे गेल्यास तो सवयीने २९-३० पुढे करतो, तेव्हा आपणच आठवण करून द्यावी. तीस दिवस पुरेसे वाटतात, पण त्यांत गाडी तपासणीला नेण्याइतकी दुरुस्त करणे, विमा काढणे आणि वेळ घेऊन संगम पुलाजवळच्या कार्यालयात जाणे हे सारे बसवायचे असते; म्हणून मेकॅनिकची तारीख लिलावापूर्वीच ठरवून ठेवावी. क्रमांकपाटी १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नव्याने बसवावी लागते आणि तिची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते.

चोरीच्या गुन्ह्यातून आलेली गाडी असेल, तर एक काम आणखी करावे. मूळ तक्रार नोंदली गेली तेव्हा गाडी काळ्या यादीत गेलेली असते आणि लिलाव झाला म्हणून ती नोंद आपोआप पुसली जात नाही. लिलाव करणाऱ्या ठाण्याकडून नोंद काढण्याबाबतचे पत्र ताब्याच्या दिवशीच मागून घ्यावे, कारण महिन्याभराने मुद्देमाल कारकुनाची बदली झालेली असू शकते. हस्तांतर झाल्यावरही विक्रीपत्र आणि ते पत्र यांच्या प्रती सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात. माझ्या दुसऱ्या, नीट कागद असलेल्या गाडीला पहिल्या वर्षात नाकाबंदीत दोनदा थांबवले गेले. दोन्ही वेळा उपकरणावर जुनी नोंद दिसली आणि दोन्ही वेळा पिशवीतला कागद दाखवल्यावर पाच मिनिटांत सोडले.